भावोजींचे रागीट अर्थ

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांच्याइतका शब्दांवर चिडणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात दुसरा सापडायचा नाही. लोक माणसांवर रागावतात, फार तर सरकारवर. भावोजी शब्दावर रागावतात, आणि रागावले की त्याचा अर्थ सांगतात. शांत असताना विचारलं तर "कोशात बघ" म्हणून पेपरात डोकं घालतात. एकदा कुवेंपुनगरच्या बसमध्ये एका धिप्पाड गृहस्थाने 'स्वल्प अडजस्ट माडी', जरा सांभाळून घ्या, म्हणत त्यांना खिडकीशी दाबलं. भावोजी ताडकन उठले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असा अर्थ त्यांनी कन्नडमधून सांगितला: अडजस्ट म्हणजे जागा आमची, बसणार तुम्ही, आणि आभारही आम्हीच मानायचे. लोक हसले. गृहस्थ तोवर दोन्ही जागांवर ऐसपैस पसरले होते. पक्षाची हायकमांड म्हणजे, त्यांच्या मते, दिल्लीत राहणारी सासू. सून इथे नांदते, पण भात किती टाकायचा ते तिकडून ठरतं. सरकार डळमळलं की आमदारांना कोंडून ठेवतात ते रिसॉर्ट म्हणजे घरी जायची बंदी असलेलं वसतिगृह. हा अर्थ त्यांनी एच. डी. कोट्याच्या बाजूला एका लग्नाला जाताना, गाडी थांबवून, रिसॉर्टच्या पहारेकऱ्याला समजावून दिला. आमचा मुहूर्त हुकला. मी हे हसत सांगतो आहे, पण त्यांचा राग कधी खोटा नव्हता.

त्यांच्या एकुलत्या मुलीचं, माझ्या भाचीचं, नोकरीत ओळख झालेल्या पुण्याच्या मुलावर मन जडलं. मुलगा आईवडिलांना घेऊन घरी आला. "आज कशाचाही अर्थ सांगायचा नाही. सुम्ने बसा," असं अक्काने सकाळीच बजावलं होतं, आणि भावोजी खरंच गप्प बसले. मुलाचे वडील म्हणाले, तुमचं मराठी किती गोड आहे हो. माझं डोकं तिथेच फिरलं. चुकीचं म्हणायला भीड वाटली की माणसं गोड म्हणतात, हे कळायला मला भावोजींची गरज नव्हती. त्यांनी कॉफीचा पेला नुसता खाली ठेवला. मग पाहुण्यांनी मूळ गाव विचारलं. भावोजी म्हणाले, म्हैसूर.

"ते झालं हो, पण मूळ?"

हा शब्द भावोजींना जन्मभर डसत आला आहे. इथले लोक 'नेटिव यावदु', मूळचे कुठले, असं विचारतात, महाराष्ट्रातले मूळ गाव विचारतात, आणि म्हैसूर हे उत्तर दोघांनाही पटत नाही. भाचीने बापाकडे असं पाहिलं की मला पाहवेना.

"आमचा पणजोबा ह्याच गावात लुगडी रंगवत मेला," भावोजी म्हणाले. "आजोबा इथे मेला, बाप इथे मेला. मूळ व्हायला अजून किती जणांनी मरायचं की?"

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. लग्न मोडलं असंच आम्ही धरून चाललो. पण मुलगाच बापाला म्हणाला की त्यांनी म्हैसूर सांगितलंय, आता पुरे. त्या एका वाक्यावर भावोजींनी मुलगी दिली आणि मांडवात कोणावरही न चिडता वावरले.

लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला भाची पुण्याहून आली. भावोजी आणि मी स्टेशनवर गेलो होतो. "अप्पा, तिकडे मूळची कुठली म्हणून विचारतात," ती खुशीत बापाला सांगत होती. "म्हैसूर म्हटलं की झालं बघा. पुढे कोणीच काही विचारत नाही."

भावोजी आता उसळतील म्हणून मी थांबलो. ते उसळले नाहीत. राग मलाच आला, आणि अजून येतो. चार पिढ्या इथे राबून बापाला जे मिळालं नाही, ते पोरीला गाव सोडल्यावर मिळालं, हा कुठला न्याय? भावोजींनी तिची बॅग उचलली, आणि रजा किती दिवसांची आहे, एवढंच विचारलं. त्यांच्या घरात हा प्रश्न तोवर कोणाला विचारावा लागला नव्हता.