कागदावरचा थेंब
टेक्सासमध्ये आमच्या घरामागून तेलाची पाइपलाइन जाते. गेल्या महिन्यात घरापासून बरंच पुढे कुणीतरी मुद्दाम तिला भोक पाडलं आणि बरंच तेल जमिनीत मुरलं. शेजारच्या अमेरिकन आजींची आणि आमची बोअरवेल एकच. आजींच्या शेळ्याही एरवी तेच पाणी पितात. तपासायला पाणी नेलं, पण रिपोर्ट काही येईना; तोवर दोन्ही घरी विकतचं पाणी. मातीतून तेल एवढ्या लांब येत असेल का, हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

मी भजी कागदावर काढते. पाणी वाळून जातं, तेलाचा डाग मात्र राहतो. म्हणून बोअरच्या पाण्याचे थेंब कागदावर टाकले आणि कागद उन्हात ठेवला.

मुलगा हसला. "आई, आता लॅबच उघड तू!"

"उघडते की. तू फक्त आजींना इंग्लिशमध्ये सांग."

कागद स्वच्छ वाळला. मी लाजतच तो आजींना दाखवला, मुलानं समजावून सांगितलं. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला, मला जवळ घेतलं आणि कागद फ्रिजवर लावला. मग शेळ्यांच्या टोपात विकतचंच पाणी ओतलं.

मला वाईट नाही वाटलं. घरी येऊन मीही चहाला बाटलीतलंच पाणी घेतलं.