नळीवरचं नाव

कझाकांच्या सेमेय शहरात लग्न असलं की नवरीच्या चेहऱ्यावरची ओढणी उचलण्याचं गाणं म्हणायला बातिमालाच बोलावणं जायचं. मांडीवर दोन तारांचा दोंब्रा घेऊन ती सासरच्या एकेका माणसाचं नाव गाण्यात गुंफायची, नवरी त्या त्या माणसाला वाकून सलाम करायची, आणि पुढे जन्मभर त्यातलं एकही नाव उच्चारायची नाही. सासऱ्याचं नाही, दिराचं नाही, सासूचं तर नाहीच. थोरल्या मुलाच्या लग्नात, म्हणजे सून कामकाच्या वेळी, बातिमाने स्वतःच गाऊन शेवटी स्वतःच्याच नावाने सलाम घेतला होता. हौस दांडगी! त्या दिवसापासून एकोणीस वर्षं कामका सासूला नाव टाळून मानाने ‘आकआपा’ म्हणत आली. आपण काही तिची सून नाही, आपण बातिमाच म्हणू.

या वसंतात बातिमाच्या गळ्यात जर्दाळूच्या बीएवढी गाठ निघाली. सुईने पेशी काढल्या, तपासल्या, आणि डॉक्टर गाउहार कपाळाला आठी घालून म्हणाल्या, “धड साध्याही नाहीत, धड कॅन्सरच्याही नाहीत. काही गाठी अशाच असतात, छडा लागू देत नाहीत.”

“मग हो?” कामकाने विचारलं.

“पूर्वी सरळ कापायचो. आता पेशींमधली जनुकं तपासता येतात. त्यात वाईट काही दिसलं नाही, तर गाठीला हात लावायचा नाही, नुसती नजर ठेवायची.”

“आणि कापलं तर?” बातिमा म्हणाली. “माझ्या धाकट्याचं लग्न आहे शरदात. मी गाणार आहे.”

“आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे, आपा. बहुतेकदा काही होत नाही.”

“बहुतेकदा,” बातिमा म्हणाली. “आधी तपासाच.”

पुन्हा सुई टोचली. या खेपेला आत रक्त साकळलं. गळ्यावर बर्फाची पिशवी देऊन डॉक्टरांनी बजावलं, “दहा मिनिटं अजिबात बोलायचं नाही.” नर्स ल्युदा पेशींची नळी घेऊन बाहेरच्या टेबलाशी, कामका बसली होती तिथे आली. अर्ज पासपोर्टवरून भरून आधीच पुढे गेला होता. तिने पेन उघडलं.

“पेशंटचं नाव?”

दार उघडं होतं. आत सासू पडली होती, डोळे टक्क उघडे. तिच्या कानावर तिचंच नाव कामका कसं घालणार? अर्जावर खरं नाव आहेच की, असं तिने मनाला समजावलं.

“आकआपा,” ती म्हणाली.

रशियन ल्युदाला वाटलं, असेल असंही नाव. तिने तेच नळीवर लिहिलं.

तीन आठवड्यांनी परदेशातल्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नळीवर एक नाव, अर्जावर दुसरं. तपासणी केली नाही, नमुना नष्ट केला.

“अहो, पण त्या पेशी आमच्याच आहेत!” कामका रडकुंडीला आली. “शपथ घेते मी!”

“ते शपथेवर चालत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि त्यांचं बरोबर आहे. पुन्हा सुई टोचायची तर ते रक्त जिरायला तीन महिने थांबावं लागेल. खबरदारी म्हणून धरून ठेवलेली ऑपरेशनची तारीख मात्र बारा दिवसांवर आहे. ती सोडली तर पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही.”

त्या संध्याकाळी चहा ओतताना कामकाचं लक्ष नव्हतं आणि पेला काठोकाठ भरला. आपल्याकडे असा पेला म्हणजे पाहुण्याला ‘ऊठ आता’ म्हणणं.

“मला घालवायलाच निघालीस की गं,” बातिमा म्हणाली.

कामकाने तिचे पाय धरले. “आकआपा, मला मारा, पण काहीतरी बोला.”

“काय बोलू? पोटात काय वाढतंय ठाऊक नसताना गाणं सुचत नाही माणसाला, आणि हे तर गळ्यातच आहे. काढून टाकू दे.”

कामकाला वाटलं, थांबा म्हणावं. पण गाठ वाईट निघाली असती तर? आणि काढा म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? ती पेले विसळत बसली.

ऑपरेशन नीट झालं, असं सगळे म्हणाले. बातिमाच्या तोंडून मात्र नुसती हवा बाहेर यायची. येईल हळूहळू, असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. लग्नात गायला दुसरी बाई ठरली.

गाठीचा अहवाल घ्यायला सासू-सून दोघी गेल्या. खिडकीपाशी ही गर्दी.

“कोणाचा अहवाल?” आतून आवाज आला.

बातिमाने तोंड उघडलं. खिडकीपर्यंत काहीच पोचलं नाही.

“अहो, नाव सांगा नाव! मागे लोक उभे आहेत!”

“बातिमा!” कामका ओरडली. “बातिमा! बातिमा!” ओळीतल्या म्हाताऱ्या कझाक बायका वळून बघायला लागल्या.

कागद हातात आला. कामकाने तो दोनदा वाचला. गाठ साधी होती. काढली नसती तरी चाललं असतं.

बातिमाने तिची बाही ओढली. कामकाने कान तिच्या तोंडाशी नेला.

“आता घेतलंस होय नाव, पोरी.”