बटणाने फक्त निरोप द्यावा

मॅडम प्रोग्राम तपासायच्या त्या कारखान्यातले जाड हातमोजे घालून, आणि तेही उभ्यानेच. भोसरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही यंत्रांवरच्या स्क्रीन तयार करायचो. "ऑपरेटरला खुर्ची कुठे असते रे?" असं म्हणत त्या बटणांवर बोटं आपटायच्या. मी लातूरहून आलेला, त्यांच्या हाताखाली पहिलीच नोकरी. मला हसू यायचं.

स्क्रीनवरचं बटण दाबलं की प्रोग्रामचा जो तुकडा धावून येतो, त्याला कॉलबॅक म्हणतात. ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्याबद्दल मॅडमचं एकच सांगणं असे, "बटणाने फक्त निरोप द्यायचा. काम दुसऱ्याने करायचं. निरोप्याच कामाला बसला, तर पुढची हाक कोण ऐकणार?" मी नुसती मान डोलवायचो.

चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या फिरत्या टेबलाची चाचणी होती. संरक्षक जाळी अजून बसायची होती. घाईघाईत मी नोंदी साठवायचं सगळं काम कॉलबॅकमध्येच कोंबलं होतं. ऑपरेटर साळुंखेदादांनी बटण दाबलं आणि स्क्रीन गोठली. काहीच होईना, म्हणून त्यांनी परत दाबलं. जरा वेळाने टेबल फिरलं, थांबलं. दादांनी पार्ट काढायला हात घातला, तेवढ्यात त्यांचं ते दुसरं दाबणं यंत्रापर्यंत पोचलं. टेबल पुन्हा फिरलं. बाही फाटली, कोपर सोलवटलं. हात वाचला.

"दोनदा दाबायचं कारणच काय?" कारखान्याचे मॅनेजर ओरडले. "लिहून घ्या, ऑपरेटरची चूक."

"साहेब, काय झालंच न्हाई म्हणून दाबलं," दादा कोपर धरून म्हणाले.

मॅडम पुढे झाल्या. "लिहायचं तर आमचं नाव लिहा. स्क्रीनने उत्तर दिलं नाही. मी असते तरी पुन्हा दाबलं असतं."

ती ऑर्डर तिथेच हातची गेली. मी लॅपटॉपमध्ये तोंड घालून उभा होतो.

परतताना गाडीत मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी होती."

"मला सांगून काय उपयोग?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "माझे वडील प्रेसवर होते. दोन बोटं गेली त्यांची. कागदावर लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. वाचता येत होतं त्यांना. तरी सही केली."

त्या आठवड्यात मी सगळी बटणं पुन्हा लिहिली. दाबताक्षणी बटण फिकं पडायचं, 'काम चालू आहे' अशी अक्षरं उमटायची, आणि काम संपेपर्यंत दुसरं दाबणं घेतलंच जायचं नाही. आमच्या कंपनीच्या मालकांना मात्र मी काहीच सांगितलं नाही.

पुढे मॅडमना आयटीआयमध्ये शिकवायची नोकरी लागली. निरोपाचा चहा झाला, त्या रिक्षात बसून गेल्या. मला राहवेना. मालकांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "सर, चाकणचा तो कॉलबॅक माझा होता."

त्यांनी मान वर केली. "माहीत आहे. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तुला काढणार होतो मी. म्हणाल्या, थांबा, तो स्वतः येऊन सांगेल."

मग घड्याळाकडे बघून हळूच म्हणाले, "आज जातानाही विचारून गेल्या, आला होता का म्हणून."