कलकत्ता ते रंगून, चार घंटे

आमचे हे पाली शिकायला रंगूनला निघाले तेव्हा आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. वर्ध्याजवळच्या बोरगावच्या घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई समुद्राच्या नावालाच भ्यायच्या. पोरगा पाण्यावरून जाणार म्हटल्यावर त्यांनी जेवणच सोडलं.

मग मी शाळेतल्या गुरुजींकडून नकाशाचं पुस्तक मागून आणलं. मी चौथी पास, त्याचा मला भारी तोरा. कलकत्त्यापासून रंगूनपर्यंत दोरा धरला, तोच वर्ध्यापासून कलकत्त्यापर्यंत लावला, तर दोन्ही सारखेच. "पाहा आत्याबाई, इथून कलकत्ता जेवढं तेवढंच तिथून रंगून. साडेसहाशे मैल. विमानानं चार घंटे." त्या हसल्या, भाकर खाल्ली. कलकत्त्यापर्यंतची गाडी, तिथलं थांबणं, परवाने, ठरल्या वारीच सुटणारं विमान, यातलं मी काही सांगितलं नाही. कशाला सांगू? मला त्यांचं रडणं थांबवायचं होतं. माझं कोण थांबवणार होतं, ते विचारू नका.

पुढे विहिरीवर त्या सगळ्यांना ऐकवायच्या, "माहा पोरगा चार घंट्यावर हाय." बाया मला चिडवायच्या, "मंग आयतवारी घरी काऊन येत नाई वो?" मी हसून घागर उचलायची. तेव्हा मी वीस वर्षांची होते. दिवसभर बोलायला एक म्हातारी, आणि तिचं सगळं बोलणं पोराचंच. फार एकटं वाटायचं. त्यांचा रागही यायचा, आणि मग स्वतःचा.

दुसऱ्या वर्षी भादव्यात आत्याबाई तापानं पडल्या. डॉक्टरनं आशा सोडली तशी मी सकाळीच पोस्टात जाऊन तार केली. घरी येऊन झाडू हातात घेतला तर खाटेवरून आवाज आला, "झाडू नको. तो निघाला असंल." माणूस वाटेत असला की घर झाडायचं नाही. देव घरातून गेले होते, हा नेम गेला नव्हता.

दिवस कलला तसं त्यांनी विचारलं, "काऊन नाई आला?" तेव्हा मी सगळं सांगितलं, गाडी, परवाना, विमानाचे वार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मले समजावू नको, पोरी. चार घंटे तं तूच म्हणली होती."

चार दिवस घर तसंच पडलं होतं. पाचव्या सकाळी कोपऱ्यातल्या कचऱ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "झाडून टाक आता. त्याले यायाचंच नाई." मी झाडलं. दुपारी त्या गेल्या.

हे आले तार केल्यापासून नवव्या दिवशी. दाढी वाढलेली, डोळे लाल. भिंतीला टेकून बसले.

"माय वाट पाहत होती?"

"हो."

मी पाणी दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"तिले वाटलं असंल, मी मुद्दाम नाई आलो. किती दूर हाय, हे तू तिले सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

मग ते रडायला लागले. मला त्यांच्याजवळ जाऊन बसता आलं नाही.