आक्कांचं नाक

मैला प्रक्रिया केंद्रावर आक्कांचं नाक म्हणजे कायदा. सेप्टिक टँक उपसून आलेला टँकर फाटकाशी थांबला, की आक्का लांब दांडीच्या डब्याने थोडा मैला काढायच्या, नाकाजवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "सोड," नाहीतर "फिरव गाडी." घरातला मैला असला तर आत. गॅरेजचं तेल किंवा रॉकेल मिसळलेलं असलं तर परत. कारण आतल्या टाकीत मैला खाणारे जंतू असतात. तेलाने ते मरतात, आणि मग न निवळलेलं पाणी थेट ओढ्यात जातं. कुणी नाक मुरडलं तर आक्का म्हणायच्या, "देवानं पोट दिलंय, तर हेही त्याचंच. आपण फक्त नीट मार्गी लावायचं."

अशी चौदा वर्षं गेली. मग एकदा त्या तापातून उठल्या आणि वासच येईनासा झाला.

तीन दिवस त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. डबा नाकाशी न्यायचा, कपाळाला आठी घालायची, देवाचं नाव घ्यायचं आणि ड्रायव्हरचा चेहरा बघून अंदाजाने "सोड" म्हणायचं. घरी मात्र सोंग टिकलं नाही. नवरा कप हातात धरून म्हणाला, "दूध करपलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"कालही करपलं होतं. परवाही."

आक्का त्याच्याजवळ येऊन बसल्या. "कळलं तर काढून टाकतील हो मला. नाक सोडलं तर माझ्याकडे आहे काय?"

"मी आहे की," तो म्हणाला आणि चहा संपवून टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी टाकीवर तेलाचा तवंग दिसला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तवंग काढून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण खाली ओढ्यावर माणसं पाणी भरतात. त्यांनी दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचं चाक फिरवून ओढ्याकडची वाट बंद केली आणि तडक इंजिनीअर मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम नवी, आक्कांच्या लेकीएवढी, नाकावरचा रुमाल कधी न काढणारी.

"मॅडम, टाकीत तेल गेलंय. गाडी मीच आत घेतली. तीन दिवस मला वास येत नाही. लपवलं मी."

मॅडमने फोन करून सगळे टँकर थांबवले. आठवडाभर आक्का तवंग काढत राहिल्या आणि 'उद्यापासून येऊ नका' हे ऐकायची वाट बघत राहिल्या.

टाकी सावरली. पहिला टँकर आला तेव्हा मॅडम स्वतः फाटकाशी उभी होती.

"डॉक्टर काय म्हणाले, आक्का?"

"येईल म्हणाले वास. कधी, ते देवाला ठाऊक."

"तोवर मी हुंगते. काय शोधायचं ते तुम्ही सांगा." तिने रुमाल काढला, डब्यावर वाकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मॅडम, अत्तर नाही ते!" ड्रायव्हर हसला.

"गप रे!" आक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाई नको, बाळा. आधी श्वास सोड. आता हळूच घे. कुजक्या अंड्यासारखा येतोय?"

"हो."

"त्याच्या मागे रॉकेलसारखं घशाशी काही चिरचिरतंय?"

"नक्की सांगता येत नाही."

"आक्का, ऊन चढलंय, किती वेळ?" ड्रायव्हर कुरकुरला.

"चढू दे. शिकतेय ती," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा डबा काढला.