पोट भरलं म्हणणारी पाहुणी

आयशाला आपण खरंच किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं असतं तर गुलाबभाऊंनी एवढंच सांगितलं असतं: शेजारच्या आरिफ टेलरची मुलगी, भद्रावतीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. एवढं तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिच्या मनात काय चालायचं हे त्यांनी कधी विचारलं नाही. तेवढा धीरच झाला नाही. त्यांच्या वाट्याला आल्या त्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी.

आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरी देऊ केली होती. अट इंग्रजीच्या परीक्षेची. दोनदा ती नापास झाली, दोन्ही वेळा ऐकण्याच्या पेपरात. हॉस्पिटल मार्चपर्यंतच थांबणार होतं. म्हणजे आता ही शेवटची खेप. गुलाबभाऊंनी कारखान्यात तीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली होती, म्हणून ती त्यांच्याकडे आली.

"भाऊ, शब्द सगळे समजतात मले. उत्तर चुकते."

तिनं मोबाइलवर संवाद लावला. यजमानीण आणखी वाढू का विचारते, पाहुणी म्हणते, "आय ॲम फाइन, थँक यू." खाली प्रश्न: पाहुणीला आणखी हवंय का? आयशानं 'हो'वर खूण केली.

भाऊंनी छापलेलं उत्तर पाहिलं. "अवं, नाई म्हणून राह्यली ना ते!"

"पहिल्यांदाच तं म्हणाली! एका नाईवर भांडं उचललं तं अम्मी मले घराबाहेर काढन."

भाऊ हसले आणि लगेच ओशाळले. मनातल्या मनात त्यांनीही 'हो'च म्हटलं होतं.

पुढच्या संवादात मित्र विचारतो, उद्या सहलीला येतोस का? उत्तर येतं, आई आली आहे. आयशाची खूण 'येणार'वर.

"आईले संग घेऊन येईन ना तो! तिले काय घरी कोंडून ठेवन?"

बारा तासांची ड्यूटी करून यायची, चूक निघाली की तोच संवाद पुन्हा लावायची. भाऊ म्हणत, आज पुरे. ती म्हणे, अजून एक.

एके दिवशी तिनं वॉर्डातली गोष्ट सांगितली. धानोऱ्याकडच्या सोमारीबाईला डॉक्टरांनी विचारलं, अजून दोन दिवस राहता का? बाई म्हणाली, बकऱ्या एकट्या आहेत. डॉक्टरांनी दोन दिवस लिहून टाकले. आयशानं त्यांना थांबवलं, "सर, बाईला घरी जायचंय."

"तुले कसं समजलं?" भाऊंनी विचारलं.

"त्यात काय समजायचं? घरी दुसरं कोणी नाई तिच्या. बकऱ्या कोण पाहीन?"

बोलता बोलता तिचं लक्ष मोबाइलवरच्या संवादाकडे गेलं. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे त्या पाहुणीच्या घरची रीतही मले ठाऊक पाहिजे."

त्या दिवसापासून उत्तराआधी तिचा प्रश्न ठरलेला: हे माणूस कोण, याच्या घरी कसं चालतं? इंटरनेटवर शोधायची, तिकडे गेलेल्या नर्सांना फोन करायची आणि वहीत उतरवायची. 'तिकडे एकदाच विचारतात,' हे वाक्य वाचून भाऊंना उगाच वाईट वाटलं.

तिसऱ्या वेळी नागपूरला ती पास झाली, अगदी काठावर. निकाल दाखवला आणि ड्यूटीवर निघून गेली.

जायच्या सकाळी ऑटो दारात उभा होता. भाऊंनी बोलायचं बरंच ठरवलं होतं.

"स्वेटर वरच ठेवला ना बॅगेत?"

"हो भाऊ. तुमचं फाटक उघडं हाय, गाय शिरन."

"लावतो."