पट्टीला लावलेली हळद

कॉम्प्युटर तीनदा टूं टूं करून गप्प झाला. स्क्रीन काळाच. सुनेने बंद करून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीनदा टूं टूं. सव्वादहा वाजले होते आणि अकराला तिची परीक्षा होती.

मिरजेच्या एका दवाखान्याचं टायपिंगचं काम तिला घरबसल्या मिळणार होतं. डॉक्टरांचं बोलणं ऐकून रिपोर्ट टाइप करायचे. परीक्षा एकदाच, तीही कॉम्प्युटरवर. मोबाइल चालणार नव्हता. हे हुकलं तर ती रोज एसटीने कुठेतरी कामाला जाणार, आणि माझ्या गुडघ्यांवर मी हे घर ओढू शकत नाही. काम तिचं, पण गरज माझीही होती.

कॉम्प्युटर मुलाच्या कॉलेजच्या वेळचा. मेमरी वाढवल्याशिवाय त्यावर परीक्षा उघडणार नाही, असं दवाखान्याने आधीच कळवलं होतं. म्हणून सून जुनी मेमरीची पट्टी काढून नमुन्याला मिरजेला घेऊन गेली आणि तिच्या जोडीला नवी घेऊन आली. वीतभराहून लहान, हिरवी, खालच्या कडेला सोनेरी दात. तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं पूजेला मांडतात आणि दसऱ्याला पूजा हलेपर्यंत कोणी उचलत नाही. मी विळा, खुरपं, अडकित्ता मांडला आणि शेजारी त्या दोन पट्ट्याही ठेवल्या.

"आत्या, मला आजच बसवून बघायच्या हायत," सून म्हणाली.

"उद्या बसव. पूजेतलं उचलत न्हाईत."

दसऱ्याला दिवसभर सोनं द्यायला माणसं, संध्याकाळी लाइट गेली. म्हणून पट्ट्या बसवायला परीक्षेची सकाळ उजाडली.

तिने दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्याने विचारलं, "पट्टीवर काय सांडलं का?"

"न्हाई हो. जरा कुंकू होतं, ते पुसलं मी."

मी म्हटलं, "हळदपण लावली हाय. खालच्या दातांना. दोन्ही पट्ट्यांना."

पाण्यात कालवून बोटाने लावली होती. त्या दातांचा रंगच हळदीसारखा, म्हणून सुनेला दिसली नव्हती. सून माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानदार म्हणाला, "खोडरबर हाय का घरात? दात हलक्या हातानं घासा. पाणी लावू नका. आधी लाइट बंद करा."

खोडरबर आमच्या घरी नव्हतं. तेवढ्यात जाऊ दारात आली. वाटणीनंतर तिचं घर भिंतीपलीकडे. ब्रॉडबँड तिच्या घरी आहे; तिचा मुलगा लष्करात, आईचं तोंड दिसावं म्हणून त्याने घेऊन दिलंय. भिंत जाड, वायफाय अलीकडे येत नाही, म्हणून भिंतीला भोक पाडून वायर आमच्याकडे ओढली आहे. त्या भोकातून आमचा आवाज तिला आणि तिचा आम्हाला ऐकू येतो.

"आक्का, कॉम्प्युटरच्या तोंडाला हळद फासली व्हय? आता त्याला वरातीत बसवा."

"खोडरबर असलं तर दे. बोलायचं मागनं."

तिने शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून खोडरबर आणलं. ब्लाउजच्या कागदावरच्या खुणा खोडायला ती ते ठेवते. "माझ्या मशीनची पूजा मीबी करती. पर कुंकू चाकाला लावती, सुईला न्हाई," ती म्हणाली. हे मात्र तिचं बरोबर होतं.

हळद मी लावली होती, म्हणून घासायला मीच बसले. चौथीपर्यंत शाळा झाली; खोडायची सवय तेवढी पक्की राहिली. दोन्ही पट्ट्यांचे दात दोन्ही बाजूंनी घासले. खोडरबर पिवळं झालं. सुनेने पट्ट्या बसवल्या, बाजूच्या कड्या टक्कन लागल्या. बटण दाबलं. एकदाच टूं झालं आणि स्क्रीन उजळला. अकराला चार मिनिटं होती.

मग भिंतीपलीकडे, जावेच्या घरात तिचा मोबाइल वाजला. तिच्या मुलाचा व्हिडिओ कॉल. तो आठवड्यातून एकदा, सुट्टी मिळेल तेव्हा करतो. दोन्ही घरांत एकदम नेट चाललं की सुनेचं अडकतं, हे जावेला माहीत होतं. तिने घरी जाऊन फोन उचलला आणि सांगितलं, "दुपारनं लाव रं. वहिनीची परीक्षा हाय." तो काही विचारायच्या आत तिने बंद केला. मग मोबाइल घेऊन परत आली आणि तो मांडीवर पालथा ठेवून आमच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

दुपारी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सुनेला काम मिळालं.

माझा मुलगा परीक्षेच्या दिवशी कारखान्यावर होता. संध्याकाळी येऊन त्याने विचारलं, "कॉम्प्युटर कुणाला बोलावून चालू केला?" बाहेरचं कोणी आलंच नव्हतं. सून, जाऊ आणि मी, तिघीच होतो.